मिरचीच्या हंगामातला काळा डबा

मिरची आली हे आमच्या नंदुरबारात कुणी कुणाला सांगावं लागत नाही. शिंकेवरून कळतं. यंदा पहिली शिंक दूधवाल्याला आली. दिवाळीचे कंदील अजून उतरायचे होते. मी पातेलं घेऊन ओट्यावर उभी, आणि तो माप ओतता ओतता असा काही शिंकला की निम्मं दूध फरशीवर. "उनी वं माय, लाल उनी!" म्हणाला आणि बाहीला नाक पुसत सायकलीवर बसला. मी फडकं आणून ओटा पुसला. मग आत आले आणि एकेक खिडकी लावायला घेतली.

आबा खुर्चीत बसले होते. आबा म्हणजे आमचे यजमान. अख्खा मोहल्ला त्यांना आबा म्हणतो म्हणून मीही म्हणते. नावानं हाक मारायची आमच्यात रीत नाही, आणि ते मला 'माधुरीनी माय' म्हणतात, म्हणजे ते तरी कुठं नावानं हाक मारतात!

"कोन शिंकनं वं?" त्यांनी विचारलं.

"दूधवाला."

"मंग उनी व्हई."

एवढंच. तिसरी खिडकी लावताना माझा हात खिट्टीवर तसाच राहिला. हात दुखत होता म्हणून नाही. खांदा तसा दुखतोच, पण ते वेगळं. मला वाटलं, पुन्हा? पुन्हा होळीपर्यंत हेच?

ज्यांनी पथारी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्या घरामागून नवापूरकडं जायचा रस्ता आहे, आणि त्या रस्त्याच्या कडेनं उघडे माळ आहेत. शेतातून आलेली ओली लाल मिरची तिथं आणून पसरतात. सकाळी पसरायची, दुपारी फिरवायची, संध्याकाळी ओढून ढीग करायचे आणि वर बारदान टाकायचं, कारण रात्रीचं दव पडलं तर माल काळा पडतो. त्या जागेला आम्ही पथारी म्हणतो. गच्चीवरून पाहिलं तर नजर जाईल तिथवर लालच लाल, आणि त्यात रांगेनं बसलेल्या बायका, डोळे सोडून सगळं तोंड फडक्यानं बांधलेलं, मान खाली घालून देठ खुडणाऱ्या. फोटो काढायला बाहेरगावची माणसं येतात. फोटोत वास येत नाही आणि ठसकाही लागत नाही, म्हणून त्यांना ते फार सुंदर दिसतं. सुंदर आहेच. मी कुठं नाही म्हणते.

मी प्रकाशा गावची. माझं माहेर तापीच्या काठी. आमच्याकडं सकाळ म्हणजे ओल्या वाळूचा वास आणि देवळातली घंटा. लग्न होऊन इथं आले तो नेमका मिरचीचा हंगाम. पंगतीत वाढायला उभी राहिले आणि शिंका सुरू झाल्या त्या थांबेचनात. वरणाचं भांडं हातात, डोळ्यांतून पाणी, आणि सगळ्या बायका पदराआड हसतायत. सासूबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, दोन साल शिंकी, मंग तिन्हं नाकच ऱ्हावाव नही!" खरंच तसं झालं. पुढं मला मिरचीचा वास येईनासा झाला. म्हणजे येत होता, पण तो वास आहे असं वाटेना. घराला जसा घराचा वास असतो, तसा.

आबांचं सगळं आयुष्य त्या पथारीवर गेलं. आमची शेती रनाळ्याकडं, ती यांच्या भावानं पाहिली. हे मात्र शेतकऱ्यांकडून ओली मिरची घ्यायची, वाळवायची आणि पुढं पाठवायची, या धंद्यातले. मुठीत चार मिरच्या घेऊन कानाशी खुळखुळवायचे आणि आवाजावरून सांगायचे, अजून दोन उन्हं लागतील. तोंडाला फडकं कधी बांधलं नाही. "फडकं बांधस त्याले मालना वास कसा समजी?" असं म्हणायचे. आता डॉक्टर म्हणतात, तो वास आयुष्यभर आत साठत गेला. छातीच्या फोटोत त्यांनी दाखवलंही. मला तर सगळं धुकंच दिसलं.

तर गेल्या वर्षीची गोष्ट. हंगामाच्या तोंडावर डॉक्टरांनी सांगितलं, या दिवसांत यांना गावाबाहेर न्या, एक जोराचा ठसका लागला तरी श्वास परत बसायला अवघड जाईल. माधुरी, आमची मुलगी, सुरतेला असते. ती म्हणाली, चला माझ्याकडं. आबांनी नाही म्हणून मान हलवली. हंगामात नंदुरबार सोडायचं हे त्यांना सांगणं म्हणजे पेरणीच्या दिवशी शेतकऱ्याला लग्नाला चल म्हणण्यासारखं. बापलेकीचं भांडण झालं. मी मधे चहा ठेवत होते. शेवटी ठरलं ते असं : आबा इथंच राहतील, पण आतल्या खोलीत. खिडक्या बंद, फटींना कागद. होळीपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही. आणि ते ओलांडणार नाहीत हे पाहायचं काम माझं. मला कुणी विचारलं नाही, पण ते काम माझंच होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि मग माधुरीनं तो डबा आणला.

तळहातावर मावेल एवढा काळा डबा. साबणाच्या वडीसारखा. एक वायर टीव्हीत, एक वायर बोर्डात, आणि शेजारी एक छोटी पेटी, तिच्यात म्हणे शेकडो सिनेमे, भजनं, कीर्तनं, सगळं भरलेलं. शिवाय इंटरनेटवरून हवं ते. माधुरी म्हणाली, "आई, आबांना कंटाळा आला की बाहेर जावंसं वाटेल. हे लावून दिलं की बसतील." तिच्या बोलण्यात माया होती, पण मला एकदम गोठ्यातली गव्हाण आठवली. गाय बांधलेली राहावी म्हणून तिच्यापुढं चारा टाकतात ना, तसं.

तो चालवायला शिकायला मला आठवडा लागला. टीव्हीचा रिमोट लांब, डब्याचा बुटका. आधी लांबट्यानं टीव्हीला सांगायचं की बाबा, तू आता डब्याकडं पाहा. मग बुटक्यानं डब्याला सांगायचं काय हवं ते. यात क्रम चुकला की निळा पडदा येतो आणि त्यावर इंग्रजीत काहीतरी तरंगत राहतं. मी सातवीपर्यंत शिकलेली, बाकी वाचलं ते हाताला लागेल तसं. भेळीच्या कागदापासून ज्ञानेश्वरीपर्यंत. पण त्या निळ्या पडद्यासमोर मी अंगठाबहाद्दर. माधुरीला फोन लावायचा, ती तिकडून सांगणार, "आई, वरचा बाण, आता मधलं गोल बटण, अगं ते नाही, मधलं!" आणि आबा खुर्चीतून म्हणणार, "ऱ्हाऊ दे वं, त्याले बी इसावा लागस."

हंगामात नंदुरबारातला कुठलाही रिमोट तुम्ही पाहाल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला असतो, वर रबर. घरोघरी वर्षाची मिरची खुडणं चालतं, त्याच हातांनी कोण बटणं दाबणार आणि मग तोच रिमोट लेकराच्या हातात कोण देणार! मीही सवयीनं दोन्ही रिमोट पिशव्यांत घातले. घालून झाल्यावर लक्षात आलं, यंदा आपल्या घरात मिरची येणारच नाहीये. अंगणात पसरलेली नाही, सुपात नाही, कोपऱ्यात गोणी नाही. वर्षाचं तिखट करायचं नाही. तिखट मी दुकानातून पुडीत आणलं, आणि काय सांगू, पिशवीत तळाला दडवून आणलं, वर मेथीची जुडी ठेवली. नंदुरबारात राहून पुडीचं तिखट! शेजारच्या कमलबाईनं पाहिलं असतं तर वर्षभर पुरलं असतं तिला. तरी तिनं भाजी चाखून ओळखलंच. "रंग शे, चव कोठे शे?" म्हणाली. मी म्हटलं, "डॉक्टरांनी सांगितलंय." सगळ्या गोष्टींना तेवढं एक उत्तर होतं माझ्याकडं त्या दिवसांत.

सुरुवातीला आबांनी जुने सिनेमे पाहिले. काळे-पांढरे. त्यांना नट्यांची नावं माझ्यापेक्षा जास्त ठाऊक निघाली, हे मला या वयात कळलं. मग कीर्तनं. मग कंटाळले. मग कुणीतरी अहिराणीतल्या गमतीच्या फिती सांगितल्या, त्या लावल्या. आयुष्यात पहिल्यांदा टीव्हीतला माणूस आमच्यासारखं बोलत होता! एक नवरा बायकोला म्हणतो, "मन्हं धोतर कोठे शे वं?" आणि ती म्हणते, "तुमना आंगवर शे ना वो!" आबा हसले. हसता हसता ठसका लागला. ठसका थांबेना, ओठ निळसर झाले, मी पाठ चोळतेय, वाफेचं यंत्र शोधतेय, आणि टीव्हीतली बाई अजून नवऱ्याला झापतेच आहे. त्या दिवसापासून हसायचं बंद झालं. आता हे कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल, पण मी आधी स्वतः पाहून ठरवायची की यात फार हसू तर नाही ना. रडूही चालत नव्हतं, रडतानाही श्वास चढतो. म्हणजे हसू नको, रडू नको, असं काहीतरी शोधायचं. असं फार थोडं असतं हो.

ते मासे निघाले. निळ्या पाण्यात रंगीत मासे इकडून तिकडं जातात, बाकी काही नाही. तासन् तास. आबा बघत बसायचे. एकदा म्हणाले, "यासले बरं शे. ना धूळ, ना ठसका."

मी त्यांच्या मागच्या खाटेवर बसून काहीबाही निवडत असायची. दाणे, मेथी, तांदूळ. त्या हंगामात मी किती सिनेमे पाहिले असतील म्हणून विचारलंत तर एकही नाही. डोळे पडद्याकडं, कान आबांच्या छातीकडं. नट गातोय आणि मी ऐकतेय ती यांची शीळ, श्वासाच्या शेवटी लागणारी. ती लांबली की सुपातला हात थांबायचा. आखूड झाली की पुन्हा चालायचा. कमलबाई येऊन बसायची मालिका पाहायला आणि दुसऱ्या दिवशी विचारायची, काल पुढं काय झालं? मला काही सांगता यायचं नाही. "अशी कशी वं तू, समोर तं बठेल व्हती!" समोर होते खरी.

एकदा आबा म्हणाले, "त्यामा मिरची शे का?"

"कशात?"

"डबामा. मिरची दखाड."

तर मी लिहायला बसले. त्या डब्यात लिहिणं म्हणजे मोठं काम. पडद्यावर बाराखडी मांडलेली असते, आणि बाणाचं बटण दाबत दाबत एकेका अक्षरापर्यंत चालत जावं लागतं. 'म' लांब. मग वेलांटी शोधा. मग 'र' वरून पुढं गेलं की मागं या. आबा मागून, "डावीकडे, डावीकडे, अरे पुढे गई तू!" करत होते. शेवटी आली. आधी लोणचं आलं, मग ठेचा आला, आणि मग एकदम दक्षिणेकडच्या कुठल्याशा मिरचीच्या मोठ्या बाजाराची फीत. गोण्यांचे डोंगर, हमालांच्या रांगा, आणि ढिगावर उभा राहून बोलणारा एक पोरगा, आमच्या समजण्यापलीकडच्या भाषेत.

आबा खुर्चीत पुढं सरकले. असे पुढं सरकलेले मी त्यांना दोन महिन्यांत पाहिले नव्हते.

"अरे भो, तो ओला माल शे! भरू नका! काळा पडी!"

"त्यांना ऐकू जात नाही," मी म्हटलं.

"नही आयको. मी सांगस ना." आणि मग माझ्याकडं वळून, "हाऊ पोऱ्या कव्हय पथारीवर बठेल दिसत नही."

त्यानंतर रोज मिरची. कुठल्या कुठल्या गावची, कुठल्या देशाची. आबा सगळ्यांना शिव्या घालायचे आणि त्यांचा चेहरा उजळायचा. आवाज चढायचा, पण गंमत अशी की त्या भांडणात श्वास चढत नव्हता. मी डॉक्टरांना विचारलंही. ते हसले फक्त. मला त्या दिवसांत वाटायला लागलं होतं की निघेल हा हंगाम. बंद खोलीत, पुडीच्या तिखटावर, पण निघेल.

आता आमच्या यांची एक सवय सांगायला हवी. संध्याकाळ झाली, ऊन भिंतीवरून उतरलं की हे खुर्चीतून उठायचे, टीव्ही बंद करायचे, आणि कपाटाखालून दुमडलेलं बारदान काढून टीव्ही आणि डबा दोन्ही झाकायचे. नुसतं टाकायचे नाहीत. चारी बाजूंनी नीट खोचायचे, ढीग झाकतात तसं. पहिल्या दिवशी मी पाहतच राहिले.

"हे काय करी ऱ्हायनात?"

"दव पडी ना."

"घरमा कोठलं दव वो?"

ते थोडे थांबले. बारदानाकडं पाहिलं. मग म्हणाले, "सवय शे. ऱ्हाऊ दे." मीही राहू दिलं. उलट मला बरं वाटलं, की चला, संध्याकाळी हाताला काहीतरी काम आहे. पण झालं काय, की टीव्ही बंद केला तरी तो डबा बंद होत नाही. त्याचं वेगळं बटण. ते आम्हा दोघांना ठाऊकच नव्हतं. म्हणजे टीव्ही झोपायचा आणि डबा बारदानाखाली रात्रभर जागा. माघातल्या एका सकाळी मिरचीवाला पोरगा बोलता बोलता तसाच अडकला, मग त्याचे चौकोन चौकोन झाले, मग सगळं काळं. हात लावला तर डबा तव्यासारखा तापलेला.

दुकानात घेऊन गेले. दुकानदारानं उघडून पाहिलं. "काकू, याला काय गोधडी पांघरत होतात की काय? आतून भाजून निघालाय." मी काय सांगणार त्याला, की आमच्याकडं रात्री दव पडतं म्हणून! नवा मागवावा लागेल, चार-सहा दिवस जातील म्हणाला. घरी येऊन आबांना सांगितलं. त्यांना फार वाईट वाटलं. डबा गेला म्हणून नाही. म्हणाले, "आजवर मन्हा हातखाल झाकेल माल कव्हय खराब व्हयना नही."

त्या दिवशी खोली फार शांत होती. दुसऱ्या दिवशी जास्त. मी पोथी वाचून दाखवली, रेडिओ लावला, कमलबाईला बोलावलं. आबा खिडकीच्या फटीत चिकटवलेल्या कागदाकडं बघत बसायचे. जणू तिथंच काहीतरी चालू आहे.

तिसऱ्या दिवशी मी भाकरी टाकत होते. शेवटची भाकरी फुगली, उतरवली, ताट घेऊन आत गेले तर खुर्ची रिकामी. मागचं दार उघडं. दारातून मिरचीचा असा झोत आत आला की मला इतक्या वर्षांनी शिंक आली.

रस्ता ओलांडून धावले म्हणता येणार नाही, गुडघे कुठं धावू देतात. पण गेले. ऊन चढलेलं, सगळा माळ लाल, आणि त्या लालात मधोमध आबा. पालथ्या घातलेल्या पाटीवर बसलेले. दोन्ही हात मनगटापर्यंत मिरचीत. काही करत नव्हते. नुसते हात घालून बसले होते, ऊन लागलेल्या पाण्यात घालावेत तसे. तोंडावर एक फुलाफुलांचं फडकं बांधलेलं. ते गुलीबाईचं. गुलीबाई म्हणजे धडगावकडून, डोंगरातून दर हंगामाला उतरणाऱ्या बायांपैकी एक. वर्षानुवर्षं आमच्याच पथारीवर यायची. तिनं स्वतःचं फडकं सोडून यांना बांधलं होतं आणि स्वतः उघड्या तोंडानं देठ खुडत होती.

"आम्ही सांगं बाई, आबा घर जाय, घर जाय. तो आयकस का?" मला पाहून ती म्हणाली.

"उठा बरं," मी म्हटलं.

"घडीभर बठू दे ना बाई," गुलीबाईच म्हणाली. "देख ना कसा बठेल शे."

मी पाहिलं. आणि खरं सांगायचं तर मी बसू दिलं. किती वेळ ते माहीत नाही. कुणीतरी ढीग फिरवला, वाऱ्याची झुळूक आली, आणि आबांचे खांदे वर जायला लागले. मग रिक्षा, दवाखाना, नाकावर नळी. ती शीळही ऐकू येईना इतका बारीक श्वास. माधुरी संध्याकाळपर्यंत पोचली. रडली, मग चिडली. "आई, डबा बिघडला होता तर मला फोन नाही का करायचा?" मला हसू आलं, रागही आला. डबा बिघडला म्हणून बाप मरायला टेकला, असंच झालं होतं, नाहीतर काय!

दवाखान्यातून सोडलं तेव्हा ती गाडी घेऊनच उभी होती, सुरतेला न्यायला. आबांनी खाटेची कड धरली. "हाऊ हंगाम पुरा व्हऊ दे. मंग तुम्ही म्हनशात तसं." त्या बोटांकडं पाहून माधुरीनं गाडीची किल्ली पर्समध्ये टाकली.

नवा डबा आला. आबा त्याच्यासमोर बसले, होळीपर्यंत. पुन्हा कधी मिरची लाव म्हणाले नाहीत. मी एकदा स्वतःहून सगळी अक्षरं चालून लावली, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. जे चालू शे ते ऱ्हाऊ दे." जे लागेल ते पाहायचे. कसल्याशा जाहिराती असल्या तरी पाहायचे. संध्याकाळी बारदान काढायलाही उठले नाहीत. मला वाटायचं, भांडा हो कुणाशी तरी. त्या डब्याशी नाही तर माझ्याशी भांडा. माणूस जिवंत राहिला याचा आनंद मला व्हायला हवा होता, होतही होता, पण दिवसभर त्या खोलीत बसून बसून तो आनंदही दमायचा. होळीच्या दिवशी मी खिडक्यांचे कागद ओले करून काढले. लगदा झाला होता. ऊन आत आलं तेव्हा आबा डोळे मिटून बसले होते.

हे सगळं दूधवाल्याच्या एका शिंकेनं परत आलं.

माधुरीचे फोन सुरू झाले. "आई, काय ठरलं?" मी आबांना विचारायची. ते म्हणायचे, "तू सांगशी तसं." लग्न झाल्यापासून या माणसानं कुठलीच गोष्ट माझ्यावर सोडली नव्हती. घराला रंग कुठला द्यायचा तेही नाही. आणि आता सोडलं तर हे! इथं ठेवू तर ती खोली, ते मासे, आणि मागचं दार. नेऊ तर सुरतेचा कितवासा मजला, जिथून जमीन दिसायला गॅलरीत वाकावं लागतं. आणि एकदा हंगामात गेलेला माणूस पुढच्या हंगामात परत कशाला येईल? मी दिवसभर कामं करायची आणि ठरवायची. रात्री अंथरुणावर पडलं की ठरलेलं मोडायचं.

मध्यंतरी गुलीबाई आली. डोंगरातून नुकतीच उतरली होती, मोराची, म्हणजे तिकडच्या बारीक डोंगरी धान्याची, भगर आणली होती फडक्यात बांधून. ओट्याखाली उभी राहिली.

"वर ये ना," मी म्हटलं.

"मी अठूनच बोलस बाई. मन्हा लुगडाले तिखट शे. आबाले लागी." तिनं गाठोडं पायरीवर ठेवलं आणि दोन पावलं मागं सरली. बोलता बोलता खोकली. कोरडा, आतून येणारा. मला तो खोकला ओळखीचा वाटला.

"तुले बी लागस का वं ठसका?"

"लागस ना. मंग?" म्हणाली आणि हसली. तिच्यासाठी कोण खोली बंद करणार आणि कोण डबा आणणार. ती आबांची चौकशी करून गेली, पथारीवर. मी पायरीवरची भगर उचलली. मग आत जाऊन माधुरीला फोन लावला. म्हटलं, ये. होळीपर्यंत आम्ही दोघं येतो. पुढचं पुढं.

आबांना सांगितलं तेव्हा ते टीव्ही पाहत होते. मान हलवली. मला वाटलं होतं ओरडतील. मी ओरडणं ऐकायची तयारी करून उभी होते. ते म्हणाले, "जेवाले वाढ."

रविवारी माधुरी आली. सामान फार नव्हतंच. डब्याच्या वायरी तिनं काढल्या, गुंडाळल्या, माझ्या पिशवीत ठेवल्या. मी दाराला कुलूप घातलं. आबा गाडीत पुढं बसले, काच वर केलेली. सुरतेकडं जायचा नवापूरचा रस्ता आमच्या घरापासून पथाऱ्यांच्या कडेनंच जातो. दुसरा रस्ता नाही असं नाही, पण तो गावातून, बाजारपेठेतून, लांबचा. माधुरीनं गाडी चालू केली आणि हळू आवाजात म्हणाली, "आबा, पथारीजवळ थोडी थांबवते. काच बंदच ठेवू. आतूनच पाहून घ्या नीट."

आबा समोर बघत होते.

"गावमाईन ले," म्हणाले.

"आबा, पण पथारी पाहायची नाही का?" ती म्हणाली.

"काच लायेल शे. ना वास, ना ऊन. तसं तं मी टीव्हीमाबी दखस."

माधुरीनं आरशातून माझ्याकडं पाहिलं. तिनं गाडी मागं घेतली आणि गावातून काढली.